गाडीवरची चव घरच्या ओट्यावर: चटण्यांपासून वडापाव, भेळ आणि पाणीपुरीपर्यंत

गाडीवरचे पदार्थ घरी करणाऱ्यांची तक्रार बहुतेकदा एकच असते: सगळं मापात घातलं, तरी ती चव काही आली नाही. मग मसाला बदलून बघतात, चटणीत साखर वाढवतात. मला विचाराल तर चूक मसाल्यात क्वचितच असते, ती क्रमात असते. भेळवाल्याची गाडी एकदा नीट न्याहाळा. कांदा बारीक चिरून ठेवलेला, बटाटा उकडून सोललेला, चटण्या हाताशी, शेव कोरड्या डब्यात झाकलेली. गिऱ्हाईक समोर आलं की तो फक्त कालवतो आणि कालवलेली भेळ लगेच हातात पडते. घरी मात्र आपण पातेलंभर भेळ कालवून ठेवतो, आणि सगळे जमून बसेपर्यंत कुरमुरे मऊ पडतात.

म्हणून या लेखात पाककृतींइतकाच भर तयारीवर आहे. काय दोन दिवस आधी करायचं, काय सकाळी आणि काय अगदी शेवटच्या मिनिटाला, हे ठरलं की अर्धं काम झालं. मापं 4 ते 5 माणसांची आहेत, वाटी 150 मिलीची धरली आहे.

आधी चटण्या

चार चटण्या हाताशी असल्या की जवळपास सगळे चाटचे प्रकार आणि वडापाव त्यांच्यावर निभावतात.

चिंच-खजुराची गोड चटणी सगळ्यात आधी करा, कारण ती टिकते. चिंच 50 ग्रॅम, बिया काढलेला खजूर 100 ग्रॅम आणि गूळ 75 ग्रॅम, हे अडीच वाट्या पाण्यात मंद आचेवर 10 ते 12 मिनिटं शिजवा. भांडं स्टीलचंच घ्या. चिंचेचा आंबटपणा अ‍ॅल्युमिनिअमला किंवा बिनकल्हईच्या पितळेला लागतो आणि चव कळकते. गार झाल्यावर वाटून गाळणीतून दाबून गाळा. मग 1 चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, अर्धा चमचा काळं मीठ, अर्धा चमचा तिखट, चिमूटभर सुंठ आणि चवीपुरतं साधं मीठ. चटणी गार झाली की आणखी घट्ट होते, त्यामुळे गॅसवरून उतरवताना ती थोडी पातळच असू द्या. चमच्याच्या पाठीवर बोट फिरवलं आणि रेघ तशीच राहिली, तर शेवपुरीसाठी दाटपणा बरोबर आहे. भेळेसाठी थोडं पाणी घालून सैल करा.

जिऱ्याची पूड विकत आणू नका. कोरड्या कढईत जिरं मंद आचेवर परतत राहा, रंग एक छटा गडद झाला आणि खमंग वास सुटला की लगेच ताटलीत काढा. गरम कढईत राहिलं तर ते आपल्या उष्णतेनेच जळतं आणि कडू होतं. गार झाल्यावर जाडसर कुटा. चाटच्या चवीत सर्वांत मोठा वाटा या पुडीचा आणि काळ्या मिठाचा असतो, ही दोन नसतील तर चाट मसाल्याचं अख्खं पाकीट ओतूनही भागत नाही.

हिरवी चटणी मात्र त्याच दिवशी करा. कोवळ्या देठांसकट कोथिंबीर 2 वाट्या, पुदिन्याची फक्त पानं अर्धी वाटी, 4 ते 5 तिखट मिरच्या, बोटाच्या पेराएवढं आलं, मीठ आणि 1 मोठा चमचा डाळं. डाळ्यामुळे चटणी बांधून येते, पाणी वेगळं सुटत नाही. वाटताना साध्या पाण्याऐवजी 3-4 बर्फाचे खडे टाका. मिक्सर फिरताना भांडं तापतं आणि त्या उष्णतेने हिरवा रंग काळवंडतो, बर्फाने तो टिकतो. पुदिन्याचे देठ घेऊ नका, त्यांनी कडवटपणा येतो. कोथिंबिरीचे देठ मात्र टाकू नका, पानांपेक्षा चव त्यांनाच जास्त असते.

तिखट लाल चटणी भेळ आणि शेवपुरीसाठी. 10 ब्याडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, 12 लसूण पाकळ्या, अर्धा चमचा जिरं आणि मीठ घालून बारीक वाटा. ब्याडगी मिरची रंगाला जबर आणि तिखटाला बेताची असते. जास्त झणका हवा असेल तर तिच्या जोडीला 2-3 लवंगी मिरच्या घाला. रंगासाठी दुसरं काही घालायची गरज पडत नाही.

चौथी लसणाची सुकी चटणी. ती वडापावबरोबर येते, कारण तिचा खरा माल वडे तळतानाच तयार होतो.

बटाटावडा आणि त्याचा पाव

वडापावची सुरुवात 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाली, असं सांगितलं जातं. लोकल पकडायच्या घाईत उभ्या उभ्या, एका हातात धरून खाता यावं असं हे खाणं आहे. त्यावरूनच त्याची घडण कळते: वडा पावात बसेल इतका चपटा, चटणी कोरडी म्हणजे हात माखणार नाहीत, आणि पाव इतका मऊ की एका घासात वड्यासकट तुटावा. घरी करताना हे तिन्ही सांभाळले की वडा गाडीवरच्यासारखा लागतो.

बटाटे जुने घ्या. नवे, पातळ सालीचे बटाटे उकडल्यावर चिकट होतात आणि सारण गिच्च लागतं. मध्यम आकाराचे 6 बटाटे (साधारण 600 ग्रॅम) सालीसकट कुकरमध्ये 3-4 शिट्ट्यांवर उकडा आणि लगेच पाण्याबाहेर काढून ताटात पसरा. वाफ पूर्ण निघून गेली पाहिजे. सारणात पाणी उरलं की तळताना त्याची वाफ होते, आवरण फुटतं आणि वडा तेल पितो. घरचे वडे फुटतात त्याचं बहुतेक वेळा हेच कारण. बटाटा हातानेच कुस्करा, अधूनमधून वाटाण्याएवढ्या फोडी राहू द्या. किसणीवर किसलेल्या बटाट्याचं सारण एकजीव होतं, पण खाताना दाताखाली काहीच येत नाही.

8 ते 10 लसूण पाकळ्या, 5-6 हिरव्या मिरच्या आणि इंचभर आलं खलबत्त्यात जाडसर कुटा. हे मिक्सरमध्ये करायचा मोह टाळा. वाटलेल्या लसणाला पाणी सुटतं आणि फोडणीत तो परतण्याऐवजी शिजतो. 2 मोठे चमचे तेल तापवा, अर्धा चमचा मोहरी तडतडू द्या, पाव चमचा हिंग, 8-10 कढीपत्त्याची पानं चिरून, मग कुटलेला ठेचा. लसणाचा कच्चा वास गेला आणि कडा किंचित तांबूस दिसू लागल्या की गॅस बंद करा आणि अर्धा चमचा हळद घाला. फोडणी गरम असतानाच बटाट्यावर ओता, मीठ आणि मूठभर कोथिंबीर घालून हलक्या हाताने कालवा. चव घेऊन बघा: सारण नुसतं खाताना थोडं जास्त खारट आणि जास्त तिखट लागलं पाहिजे, कारण पुढे बेसन आणि पाव दोन्ही त्याची चव बोथट करणार आहेत. लिंबाबद्दल घराघरात मतभेद आहेत. पावात घालायचा वडा असेल तर मी लिंबू घालत नाही, नुसता चटणीशी खायचा असेल तर अर्धं पिळते. लिंबाएवढे गोळे करून तळहातावर किंचित चपटे करा. एवढ्यात 10 ते 12 होतात.

आता पीठ. 2 वाट्या बेसन, 1 मोठा चमचा तांदळाचं पीठ, पाव चमचा हळद, अर्धा चमचा तिखट, मीठ. आधी एक वाटी पाणी घालून गुठळ्या मोडा, मग चमच्या-चमच्याने वाढवत जा. पीठ भजीपेक्षा थोडं सैल हवं: बोट बुडवून वर काढलं तर बोटावर पातळ, सलग थर राहावा आणि खालून कातडी दिसू नये. थेंब-थेंब गळून बोट उघडं पडलं तर पीठ पातळ झालं. 15 मिनिटं झाकून ठेवा. तळायच्या अगदी आधी चिमूटभर खायचा सोडा आणि 1 मोठा चमचा कडकडीत तेलाचं मोहन घालून फेटा. सोडा जास्त झाला की आवरण जाळीदार होऊन तेल शोषतं, म्हणून चिमूट म्हणजे खरोखर चिमूटच.

तेल 175 ते 180 अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका. तो क्षणभर खाली जाऊन लगेच बुडबुडे सोडत वर आला पाहिजे. तळाशीच बसला तर तेल गार आहे, पडताक्षणी वर येऊन लाल झाला तर फार तापलंय. कढईत एका वेळी 3-4 च वडे सोडा, जास्त घातले की तेल एकदम थंड पडतं. सोडल्यावर पहिलं अर्धं मिनिट झारा लावू नका, आवरण धरू द्या. मग पळीने कडेचं तेल वरून सोडत, उलटत, मध्यम आचेवर 3 ते 4 मिनिटं तळा. सारण शिजलेलंच असतं, आपल्याला शिजवायचं आहे ते फक्त बेसन. बुडबुडे कमी झाले आणि तळण्याचा आवाज बसला की वडा तयार.

उरलेल्या पिठात थोडं पाणी घाला आणि बोटं बुडवून तेलावर झटका. पसरलेले थेंब क्षणात कुरकुरीत होतात, तो चुरा. दादरला कीर्ती कॉलेजजवळ वड्याबरोबर हा चुराही पावात भरून देतात, आणि तो पाव एकदा खाल्ला की चुऱ्याशिवायचा वडापाव अपुरा वाटतो. याच चुऱ्याची सुकी चटणी करायची. 15 लसूण पाकळ्या सालीसकट थोड्या तेलात परतून घ्या, 1 वाटी चुरा, पाव वाटी भाजलेलं सुकं खोबरं, 2 चमचे तिखट आणि मीठ घालून मिक्सर अगदी थांबत-थांबत फिरवा. भरड राहिली पाहिजे. सलग फिरवलं तर खोबऱ्याला तेल सुटून गोळा होतो.

मिरच्या तळताना प्रत्येकीला उभी चीर द्या, नाहीतर त्या तेलात फुटतात आणि तेल अंगावर उडतं. मीठ तळून काढल्यावर, ओल्या असतानाच भुरभुरवा.

पाव त्याच दिवशीचा आणा आणि फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका, तिथे तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळ्यासारखा कडक होतो. आदल्या दिवशीचाच असेल तर ओलसर फडक्यात गुंडाळून मिनिटभर वाफ द्या. लोणी लावून भाजलेला पाव चविष्ट असतो, पण तो पावभाजीचा पाव. वडापावचा पाव मऊच हवा. एका कडेने जोडलेला राहील असा चिरा, एका बाजूला हिरवी चटणी, दुसऱ्या बाजूला थोडी गोड चटणी, वर भरपूर सुकी चटणी, मग वडा ठेवून तळहाताने हलकेच दाबा.

भेळ आणि शेवपुरी

भेळेचं यश कुरमुऱ्यांवर. पिशवीतले कुरमुरे थेट वापरू नका, कढईत मंद आचेवर 4-5 मिनिटं परतून घ्या. बोटात चुरडल्यावर कुर्रकन आवाज आला पाहिजे. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, गरम भरले तर आतल्या वाफेने पुन्हा सादळतात.

6 वाट्या कुरमुऱ्यांना 1 वाटी बारीक शेव, अर्धी वाटी फरसाण, 6-7 चुरडलेल्या पुऱ्या, 1 उकडलेला बटाटा, 1 मोठा कांदा, 1 टोमॅटो, आणि हंगाम असेल तर अर्ध्या कैरीच्या बारीक फोडी. टोमॅटोचा गर आणि बिया काढून टाका, भेळ ओली होण्याचं निम्मं कारण तेच असतं. कालवण्याचा क्रम असा: आधी बटाटा, कांदा आणि टोमॅटोला चटण्या चोळा, मग कुरमुरे आणि फरसाण घालून तीन-चार वेळा वर-खाली करा, शेवटी शेव, कोथिंबीर, लिंबू. चटणी थेट कुरमुऱ्यांवर ओतली की काही भिजतात आणि बाकीचे कोरडेच राहतात. एका वेळी दोन माणसांपुरतीच कालवा.

शेवपुरीला वेगळं काही शिकायचं नाही. कुस्करलेला बटाटा पुरीवर आधी पसरायचा म्हणजे चटणी पुरीपर्यंत झिरपत नाही, एवढंच ध्यानात ठेवा.

पाणीपुरी

पुऱ्या घरी करता येतात, पण सगळ्या सारख्या फुगवणं आणि कडक राखणं हे सवयीचं काम आहे. माझा सल्ला असा की चांगल्या दुकानातून कोरड्या पुऱ्या आणा आणि सगळी मेहनत पाण्यावर घाला. बाहेरच्या पाणीपुरीत धास्ती असते ती पाण्याचीच, आणि घरी करण्याचा मोठा फायदाही तोच. पाणी उकळून गार केलेलं किंवा गाळण यंत्राचं घ्या, बर्फही त्याच पाण्याचा.

1 भरगच्च जुडी पुदिना, अर्धी जुडी कोथिंबीर, 5-6 मिरच्या, इंचभर आलं अगदी बारीक वाटून, सव्वा लिटर गार पाण्यात कालवून गाळा. पाव वाटी चिंचेचा कोळ, 2 चमचे जिरेपूड, दीड चमचा काळं मीठ, साधं मीठ, पाव चमचा मिरपूड, चिमूटभर हिंग आणि एका लिंबाचा रस. झाकून किमान 2 तास फ्रिजमध्ये ठेवा. केल्या केल्या चाखलं तर पुदिना वेगळा आणि चिंच वेगळी लागते, दोन तासांनी चव जुळून येते. वाढताना बर्फ घालणार असाल तर आधीच चव थोडी चढी ठेवा. बुंदी अगदी शेवटी.

आत भरायला गरम रगडा असेल तर आणखी मजा: कडक पुरी, ऊनऊन रगडा आणि वर थंडगार पाणी.

रगडा, पॅटीस, आणि पावभाजीबद्दल थोडंसं

1 वाटी पांढरे वाटाणे 8 तास भिजवा, 3 वाट्या पाणी, हळद, हिंग आणि मीठ घालून 4-5 शिट्ट्या काढा, मग आच मंद करून 10 मिनिटं. पाव भाग पळीने घोटा म्हणजे रसाला दाटपणा येतो. रगडा उतरवताना सैल दिसला तरी चिंता नको, ताटलीत पडेपर्यंत तो आळतो. पॅटीससाठी उकडलेल्या बटाट्यात मिक्सरमधून काढलेले कोरडे पोहे मुठभर मिसळा, हे बांधतात आणि वरून कडक कवच देतात. तव्यावर मध्यम-मंद आचेवर ठेवल्यावर हलवू नका. खालची बाजू धरली की पॅटीस आपोआप तव्यापासून सुटतो. त्याआधी उलथनं घातलं तर निम्मा तव्यावरच राहतो.

पावभाजीच्या गाडीवरचा तवा भला मोठा असतो, त्यावर भाजीतलं पाणी भराभर उडतं. घरी पसरट कढई घ्या आणि भाज्या उकडल्यावर पाणी निथळू द्या. लोण्यात आधी ढोबळी मिरची, मग टोमॅटो आणि भिजवून वाटलेल्या ब्याडगी मिरच्या तेल सुटेपर्यंत परता, मसालाही तिथेच घाला, मगच भाज्या आणि बटाटा घालून घोटा. मसाला शेवटी वरून घातलेली भाजी कच्ची लागते.

पाहुणे यायच्या दिवसाचं वेळापत्रक

समजा संध्याकाळी 7 वाजता खायला बसायचं आहे. दोन दिवस आधी गोड चटणी, जिरेपूड आणि लाल चटणी. आदल्या रात्री वाटाणे भिजत घालायचे. सकाळी बटाटे उकडायचे, कुरमुरे भाजायचे, रगडा शिजवायचा. 4 वाजता पाणीपुरीचं पाणी आणि हिरवी चटणी करून फ्रिजमध्ये. 5 वाजता वड्याचं सारण, गोळे करून ओलसर फडक्याखाली. कांदा साडेसहालाच चिरा, आधी चिरून ठेवलेल्या कांद्याला उग्र वास येतो. पावणेसातला पीठ भिजवा, आणि तेल तापलं की पाहुण्यांना बसवा.

वाढताना पाणीपुरी आधी, भेळ नंतर आणि वडे शेवटी, असा क्रम ठेवला तर एकट्या माणसालाही सगळं झेपतं. दोघं असाल तर एकाने फक्त कढई सांभाळावी, दुसऱ्याने फक्त कालवावं. एकाच माणसाने तळता तळता भेळ कालवायला घेतली की एक तरी घाणा करपतो.

तेल आणि उरलंसुरलं

तळून झालेलं तेल गार करून पातळ फडक्यातून गाळा, कारण तळाशी बसलेला बेसनाचा चुरा पुढच्या वेळी जळतो आणि सगळ्याला कडवट वास लावतो. व्यावसायिक तळणाऱ्यांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 पासून तेलातल्या ध्रुवीय संयुगांची (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर त्यात वाढत जाणाऱ्या अपायकारक घटकांची) मर्यादा 25 टक्के ठरवली आहे. घरात ते मोजायचं साधन नसतं, पण तेल गडद झालं, तापवताना फेस आला, किंवा नेहमीपेक्षा लवकर धूर सुटू लागला तर ते तळणाला नको. गाळलेलं चांगलं तेल फोडणीला दोन-चार दिवसांत संपवा, त्यात नवं तेल ओतून पुन्हा कढई चढवू नका.

गोड चटणी फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज राहते, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवली तर दोन महिने. लाल चटणीवर तेलाचा थर दिला तर आठवडाभर. सुकी चटणी कोरड्या बरणीत पंधरा दिवस, चमचा मात्र ओला जाता कामा नये. हिरवी चटणी दुसऱ्या दिवशीच संपवा. उरलेलं वड्याचं सारण सकाळी पोळीत भरून पराठे करा, आणि वडे उरलेच तर ते पुन्हा न तळता कोरड्या तव्यावर झाकण न ठेवता मंद आचेवर उलटसुलट गरम करा.